मातीचा श्वास मोजताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मातीतले सूक्ष्मजीव मोजून जमिनीची तब्येत ओळखण्याविषयी शेतीच्या पानांवर हल्ली बरेच छापून येते. ते यायलाच हवे. पण त्यात नुसता आकडा असतो, तो कसा काढला हे नसते. पालाशच्या (पोटॅशियमच्या) आकड्याला हे एक वेळ चालून जाईल, कारण पालाश पिशवीत पडून राहिला म्हणून फार बदलत नाही. जिवाणू मात्र पिशवीतही खातात, वाढतात, मरतात.

त्यामुळे निम्मी चाचणी शेतातच होते. माती वाफशावर असताना, वरचा पालापाचोळा सारून, ०–१५ सेंमी खोलीची घ्यावी. बहुतेक जीव वरच्या थरात असतात. फावडे २५ सेंमीपर्यंत गेले की खालच्या मातीने आकडा पातळ होतो. शेणखत किंवा युरिया नुकताच पडला असेल तर महिनाभर थांबावे. एका शेतातल्या १०–१५ जागांची माती एकत्र करून, पिशवीचे तोंड सैल ठेवून, थंड पेटीतून न्यावी आणि ४ अंशांवर ठेवावी. गाडीच्या डिकीत दुपारभर तापलेला नमुना सरळ फेकून द्यावा. २ मिमी चाळणीतून काढताना बारीक मुळ्या वेचायला कंटाळू नये; ताजी मुळीही श्वास घेते आणि तो जिवाणूंच्या खात्यावर जमा होतो.

चाचण्यांत सर्वांत स्वस्त आणि भरवशाची म्हणजे श्वसनाची, मातीतले जीव किती कार्बन डायऑक्साइड सोडतात ते मोजण्याची. रुंद तोंडाच्या, हवाबंद झाकणाच्या एक लिटर बरणीत ५० ग्रॅम माती, तिच्या पाणी धरून ठेवण्याच्या क्षमतेच्या ५०–६० टक्के ओलावा, आणि शेजारी छोट्या चंचुपात्रात ०.१ नॉर्मल (‘नॉर्मल’ हे द्रावणाच्या तीव्रतेचे माप) सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली. २५ अंशांवर २४ तास ठेवायचे. मातीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड हे द्रावण शोषून घेते. नंतर त्यात बेरियम क्लोराइड (हे विषारी असते, हातमोजे हवेतच) घालून पांढरा साका पाडायचा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकायचे आणि ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने गुलाबी रंग जाईपर्यंत अनुमापन करायचे, म्हणजे आम्ल थेंबाथेंबाने घालून किती लागले ते मोजायचे. माती नसलेली रिकामी बरणीही सोबत लावायची, कारण हवेतला वायू त्या द्रावणात शिरतोच. रिकाम्या बरणीला १९.२ मिली आम्ल लागले आणि मातीच्या बरणीला १४.२, तर फरक ५ मिली. दर मिलीला ०.६ मिग्रॅ कार्बन, म्हणजे ३ मिग्रॅ; किलोमागे दिवसाला ६० मिग्रॅ.

चुका नेहमीच्याच. बेरियम क्लोराइड विसरले तर उत्तर निम्मे येते, कारण तयार झालेला कार्बोनेटही आम्ल खातो. झाकण सैल असेल तर बाहेरचा वायू आत येऊन जमीन फुकट ‘जिवंत’ ठरते. माती चिखल झाली तर तिच्यात हवा खेळत नाही आणि आकडा पडतो. चुनखडीच्या जमिनीत थोडा वायू चुन्यातूनही येतो, तो जिवाणूंचा धरू नये.

वाळवलेली माती पुन्हा भिजवून २४ तासांचे श्वसन मोजण्याचीही एक रीत आहे आणि ती चुकीची नाही. भिजवताच वायूचा लोंढा येतो, कारण वाळताना मेलेल्या जिवांवर उरलेले ताव मारतात. बर्च या संशोधकांनी १९५८ मध्ये यावर लिहिले, म्हणून त्याला बर्च परिणाम म्हणतात. फक्त हा आकडा ताज्या मातीच्या आकड्याशेजारी ठेवायचा नाही. छापील तक्त्यांत हे दोन्ही सर्रास एका रांगेत दिसतात.

काचेच्या बशीत पोषक खाद्यावर मातीतले जीव वाढवून, त्यांच्या वसाहती (ठिपके) मोजून दिलेले ‘ग्रॅमला इतके कोटी’ हे आकडे आमच्या मते सर्वांत कमी उपयोगाचे. मातीतल्या जिवाणूंपैकी बशीत वाढतात ते साधारण शेकडा एक. बुरशीची तर गंमतच आहे: बीजाणू झडलेली एक बुरशी शेकडो वसाहती दाखवते आणि हातभर पसरलेले तंतूंचे जाळे मोजणीत जवळपास येतच नाही.

जास्त श्वसन म्हणजे उत्तम जमीन, हेही दर वेळी खरे नाही. नांगरटीनंतर किंवा कच्चे शेणखत पडल्यावर चार दिवस जिवाणूंची पंगत झडते, तेव्हा आकडा चढतो. ताणाखालचे जीवही वजनाच्या मानाने जास्त कार्बन जाळतात. म्हणून क्लोरोफॉर्मच्या धुरीच्या पद्धतीने जीवभार (मातीतल्या सूक्ष्मजीवांचे एकूण वजन) मोजून श्वसनाला त्याने भागावे. ते जमणार नसेल तर निदान त्याच दिवशी, त्याच खोलीवर, न नांगरलेल्या बांधाची माती घेऊन शेजारी ठेवावी. जमिनीची जात तीच असल्याने ही तुलना कुठल्याही परक्या तक्त्यापेक्षा जास्त बोलते.

प्रयोगशाळा नसेल तिथे सुती कापड जमिनीत पुरून ठेवावे. तोलून घेतलेले, शंभर टक्के सुती, प्रत्येक शेतात पाच-सहा तुकडे, उभे, १५ सेंमीपर्यंत. दोन महिन्यांनी धुऊन, वाळवून पुन्हा तोलावे; वजन जितके घटले तितके जिवांनी खाल्ले. कडा कुरतडल्यासारख्या आणि मातीने लिंपलेल्या निघाल्या तर ती वाळवी, तो तुकडा हिशेबातून काढावा. जिवाणू-बुरशीचे काम वेगळे दिसते: कापड सगळीकडून विरते, डाग पडतात, बोटाने ओढले की आवाज न करता फाटते.

विनंती एवढीच, की असे आकडे छापताना खोली, ओलावा, तापमान, माती ताजी की वाळवलेली आणि कोणती पद्धत, ही एक ओळ सोबत द्यावी.

आपले,
मृदाशास्त्राचे अभ्यासक वाचक