निनादला, स्वीडनला निघण्याआधी

मिडल्सब्रो
रविवार रात्री

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या किट बॅगच्या बाजूच्या कप्प्यात टाकतोय. तोंडी सांगायला गेलो की तू नुसतं ‘हो पप्पा, हो पप्पा’ करतोस आणि आज तर ताट तसंच टाकून उठलास. तुझी आई म्हणाली, निघेपर्यंत तरी पोराला सुखानं दोन घास खाऊ द्या. तेव्हा गुडघ्याचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं मी ठरवलंय.

स्वीडनचंच बोलू. तुझ्या नव्या क्लबचं ते गाव मी नकाशावर बघितलं. ओस्टरसुंड शहराच्याही वर, उत्तरेला आहे. आपल्याकडे इंग्लंडात फुटबॉलचा हंगाम ऑगस्टला सुरू होतो आणि मेमध्ये संपतो, तिकडे बर्फामुळे सगळं उलटं. वसंतात सुरू, नोव्हेंबरात बंद. लोकर घालून जा, हे आई सांगेलच.

ओस्टरसुंडचा क्लब मला नवीन नाही. २०१८च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडनच्या आर्सेनलला आर्सेनलच्याच मैदानात २-१ हरवलं, तेव्हा मी रात्रपाळीला होतो आणि आम्ही सगळे एकाच फोनवर डोकी घालून बघत होतो. पहिला सामना घरी ३-० हरल्यामुळे दोन सामन्यांच्या बेरजेत ते बाहेर पडले, पण त्या रात्री पहिल्या अर्ध्या तासातच त्यांनी दोन गोल टाकले होते. ग्रॅहम पॉटर २०११ला तिथे प्रशिक्षक म्हणून गेला तेव्हा क्लब चौथ्या विभागात होता. इथल्या यॉर्क क्लबनं सोडून दिलेला जेमी हॉपकट तिथे जाऊन तुर्कीच्या गालातासारायविरुद्ध गोल करतो काय! आणि आपला कर्टिस एडवर्ड्स तर इथलाच, मिडल्सब्रोचा. बोरोच्या, म्हणजे मिडल्सब्रो क्लबच्या, अकादमीतून सुटला, नॉन-लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगांच्या खालच्या स्पर्धांत, धडपडला, स्वीडनच्या पार खालच्या विभागात गेला आणि २०१९ला यूर्गोर्डन क्लबबरोबर तिथली लीग जिंकला. हे तूच मला सांगितलंस, दोनदा. मी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवलं, कारण सांगताना तुझा चेहरा बरा दिसत होता.

पण एक फरक लक्षात घे. हॉपकट गेला तेव्हा ब्रेक्झिट झालेलं नव्हतं. बॅग उचलली आणि निघाला. तुला कामाचा परवाना लागतो आणि तो सुरुवातीला त्या एका क्लबलाच बांधलेला असतो. क्लब सुटला की परवानाही धोक्यात. आणि क्लब कधी सोडतो? खेळाडू बाहेर बसायला लागला की. आणि खेळाडू बाहेर कधी बसतो... जाऊ दे.

त्यात मैदान कृत्रिम गवताचं. बर्फात त्यांना दुसरा इलाज नाही, हे कळतं मला. पण इथल्या लीगमध्ये ते चालत नाही ना? सटन युनायटेड क्लबवाले २०२१ला वरच्या लीगमध्ये आले तेव्हा त्यांना आपलं चांगलं मैदान उखडून खरं गवत लावावं लागलं. तू म्हणशील, दुखापतींच्या अभ्यासात फारसा फरक दिसत नाही. असेल. मला एवढंच माहीत आहे की बुटाच्या तळाची खुंटी, म्हणजे स्टड, अडकला की पाय मागे राहतो आणि अंग पुढे जातं. कृत्रिम गवतासाठी आखूड स्टडचे बूट येतात. ते घे. पैसे मी देतो. आणि शनिवारच्या मॅचनंतर वाटाण्याची गोठलेली पिशवी घेऊन तू बाथरूममध्ये अर्धा तास काय करत होतास, हे मी विचारणार नाही.

बंडाकाकाची गोष्ट तू हजारदा ऐकलीयस, तरी सांगतो. आम्ही बंडाला बघायला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला जायचो तेव्हा भिंतीवरसुद्धा जागा नसायची. पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच असली की आमच्या पेठेत दुपारनंतर चहाची टपरीसुद्धा बंद. बंडा उद्यमनगरात लेथवर होता. सकाळी पाळी करायचा, संध्याकाळी डाव्या बगलेनं पळायचा. त्याचा तो आत वळून मारलेला फटका! तू लहानपणी मागच्या अंगणात तसाच वळायचास, कुणी न शिकवता. आईला मी तेव्हाच म्हटलं होतं, हा बंडावर गेलाय. तर एका फायनलला त्याचा गुडघा फिरला. तेव्हा कुठलं एमआरआय आणि कुठलं एसीएल, ते गुडघ्यातलं अस्थिबंध. हाडवैद्यानं तेल लावून पट्टी बांधली. पोरांनी त्याला खांद्यावरून घरी नेलं, गुलाल लावून, कारण आम्ही जिंकलो होतो. पुढच्या हंगामात तो फडकं आवळून पुन्हा उतरला आणि मग कायमचाच बसला. लेथवर आठ तास उभं राहणं जमेना. आज रंकाळ्यावर काठी घेऊन येतो आणि भेटेल त्याला तुझे व्हिडिओ दाखवतो.

तुझं ऑपरेशन झालंय, चांगल्या सर्जननं केलंय, नऊ महिने तू एकही व्यायाम चुकवला नाहीस. सगळं माहीत आहे. बंडा आणि तू वेगळे. पण डावाच गुडघा आहे रे, लेका.

झालं, ठरवलं होतं काय आणि लिहितोय काय.

दुसरं बोलतो. मामा परवा फोनवर म्हणाला, ‘निनाद अजून खेळतोच का?’ त्याच्या बोलण्यात जे होतं ते मला कळलं. मी म्हटलं, खेळतो, आणि त्याचे पगार घेतो. अठराव्या वर्षी अकादमीनं सोडलेल्या पोरांपैकी किती जण आज बूट घालतात? त्यातून आपल्या रंगाची पोरं या देशाच्या लीगमध्ये बोटांवर मोजण्याइतकी. लीग टूमध्ये, म्हणजे इथल्या चौथ्या विभागात, तू पहिल्यांदा उतरलास तेव्हा लाऊडस्पीकरवाल्यानं आपल्या आडनावाची पार वाट लावली होती, तरी मी उभा राहून ओरडलो आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं मला मिंटची गोळी दिली. तू प्रीमियर लीगला गेला नाहीस म्हणून मला काही वाटतं, असं तुझ्या डोक्यात असेल तर काढून टाक. ज्या गावात कुणी ओळखत नाही तिथे जायचं, आठवड्याभरात बचावातल्या चौघांची नावं पाठ करायची आणि शनिवारी त्यांच्यासाठी पळायचं, हे मला मिडल्सब्रोत आल्यावर वर्षभर जमलं नव्हतं.

कोल्हापुरात आता आफ्रिकेतून पोरं खेळायला येतात. तालमीच्या संघांसाठी, हंगामापुरती. मागच्या वेळी गावी गेलो तेव्हा त्यातला एक जण गंगावेशीत भाजीवाल्या मावशीशी हातवारे करून कांद्याचा भाव करताना दिसला. मला उगाच त्याला घरी जेवायला बोलवावंसं वाटलं. बोलावलं नाही. तुला तिकडे कुणी बोलावलं तर नाही म्हणू नकोस.

आता पैशाचं. पगारातला थोडा भाग बाजूला टाकत जा. पीएफएशी, म्हणजे तुमच्या खेळाडूंच्या संघटनेशी, संपर्क तोडू नकोस, त्यांच्याकडून शिक्षणासाठी मदत मिळते. कोचिंगचं पहिलं लायसन्स आत्ताच करून टाक, संध्याकाळी मोकळाच असतोस. एजंट सांगतो म्हणून सही करू नकोस, करार स्वतः वाच. स्वीडिशमध्ये असेल तर इंग्रजी प्रत माग. तीस ओलांडल्यावर विचार करणारी पोरं मी बघितलीयत, मग पार्सलच्या गाड्या चालवतात. पार्सलची गाडी वाईट असं नाही, मीही चालवलीय, पण

पुन्हा भाषण सुरू झालं. माफ कर. तू सव्वीसचा आहेस हे मी विसरतो. आई म्हणते, विसरत नाहीत, मुद्दाम करतात.

सोनलच्या साखरपुड्याला तुला यायला मिळणार नाही, कारण तेव्हा ऐन हंगाम असेल. तिला मी समजावतो. तू तिला वेगळा फोन कर, घरच्या ग्रुपवर मेसेज टाकून चालणार नाही. चकली डब्यात आहे, लसणाची चटणी दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलीय, तरी कपड्यांपासून लांब ठेव. गुरुवारी विमानतळावर मीच सोडणार, टॅक्सी बोलवू नकोस.

तुझा,
पप्पा

ता. क. करारात दुखापतीचं कलम कितव्या पानावर आहे? ऑपरेशन करावं लागलं तर खर्च कुणाचा आणि हंगाम संपल्यावर उपचार चालू असतील तर कुणाचा, हे दोन्ही त्यात लिहिलेलं पाहिजे. त्या पानाचा फोटो पाठव. पोचल्या पोचल्या नको, जेवल्यावर पाठव.