तीन गोल

बाझेल (स्वित्झर्लंड), रविवार रात्र

प्रिय बापू,

दोन वर्षांत पत्र नाही. चुकलंच. तब्येत ठीक, थंडीत गुडघा दुखतो तेवढाच.

आज लांडहोफवर गेलो होतो. चारी बाजूंनी घरं, मधे मैदान. एफसी बाझेल हा फुटबॉल क्लब पूर्वी इथंच खेळायचा. बाकावर एक आजोबा होते. मी सेप्पे ह्युगीचं नाव काढलं आणि तासभर हललो नाही. ह्युगी शेजारच्या रीहेनचा, सेंटर फॉरवर्ड. 1953 ला बाझेल पहिल्यांदा लीग जिंकलं तेव्हा तो होता. 1960 ला फ्रान्सला एकट्यानं पाच गोल मारले! आणि 1954 चा विश्वचषक, घरच्याच मैदानांवर, त्याचे सहा.

त्यातले तीन ऑस्ट्रियाविरुद्ध. 26 जून, लोझान, मरणाचं ऊन. एकोणिसाव्या मिनिटाला स्वित्झर्लंड 3-0, त्यात दोन ह्युगीचे. मग तीन मिनिटांत ऑस्ट्रियानं तिन्ही फेडले. हाफटाइमला 5-4, शेवटी 7-5. स्विस कोच राप्पानची बचावाची पद्धत म्हणजे दाराला कडी. तिथून सात गेले. ह्युगी तीन मारून हरला.

मला कोण आठवलं असेल, सांग.

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरची आपली फायनल, हरलेली. 4-3. त्या संध्याकाळी तालमीत सगळ्यांसमोर मी म्हणालो, ‘तीन मी मारले, चार तुझ्याकडून गेले.’ तू नुसता बूट सोडत बसलास. तुला टायफॉइड होता हे आठवड्यानं काकूंकडून कळलं. तरी मी शब्द मागं घेतला नाही.

मी ह्युगीच्या गोलांचं ऐकायला थांबलो होतो, आजोबा मात्र स्विस कप्तानाबद्दलच बोलत राहिले. बॅकला खेळायचा. नाव बोके. (हसू नकोस, मीही हसलो.) त्याला गाठ होती, डॉक्टरांनी खेळू नको म्हणून सांगितलेलं, तरी उतरला. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. एकदा उतरलं की शेवटपर्यंत उभं राहायचं. ऑस्ट्रियाच्या गोलीलाही ऊन लागलं होतं, तोही उभाच राहिला. सात गोलांचा हिशोब आजोबांनी बोकेकडं मागितला नाही. सत्तर वर्षांनंतरही सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला.

आणि मी सव्वीस वर्षं तुझ्याकडं चार गोलांचा हिशोब मागतोय. तिसरा गोल तुझ्या लांब पासवर झाला होता, बापू. पार आपल्या बॉक्समधून मारला होतास, तापात. मी भांडत राहिलो की चेंडू आपोआप आला. नव्हता आला. त्या पैजेची मिसळही मीच लागतो.

धाकटीचं ॲडमिशन झालं का? दुकानाचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार सांग.

मे महिन्यात येतोय. जे बोलायचं ते तालमीतच बोलणार, जिथं तेव्हा बोललो तिथंच, सगळ्यांसमोर. पोरांना बोलावून ठेव. तू येशील ना?

तुझाच,
सुऱ्या