२४०झेड, हायवे २८० आणि मी

सनिव्हेल, कॅलिफोर्निया
१२ ऑक्टोबर

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

फोनवर घाईत सांगून टाकायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय. रविवारी डॅटसन २४०झेड चालवली, ती जुनी जपानी स्पोर्ट्स कार! ऑफिसातल्या एकाकडे १९७१ची आहे, नारिंगी. त्याने किल्ली पुढे केली आणि मी वरवरचे आढेवेढेसुद्धा घेतले नाहीत.

आधी रूप. फोटोत बॉनेट लांब वाटतं. जवळ उभं राहिलं की ते संपतच नाही. पण तो नखरा नव्हे, खाली सहा सिलिंडर एका ओळीत उभे आहेत, २.४ लिटरचे. हेडलाइट खोल खोबणीत, छत मागे घसरत जातं आणि शेपूट एकदम छाटलेली. योशिहिको मात्सुओ यांच्या चमूचं हे काम. लोक हिला गरिबाची जॅग्वार ई-टाइप, म्हणजे त्या महागड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची स्वस्त बहीण म्हणतात, ते मला पटत नाही. ई-टाइप मिरवते. हिच्या अंगावर बंपर सोडले तर क्रोम शोधावं लागतं. १९७० साली अमेरिकेत किंमत ३,५२६ डॉलर होती, म्हणजे पगारदार माणसाने हिंमत करावी इतकीच. जपानमध्ये नाव ‘फेअरलेडी झेड’. डॅटसन हे निस्सानचंच नाव, आणि इथल्या निस्सानचे तेव्हाचे प्रमुख युताका कातायामा यांना ते अजिबात रुचलं नाही, म्हणून इकडे नुसता आकडा. बरं केलं!

पण खरं रूप कळतं ते आत बसल्यावर. सीट इतकी खाली की जमिनीवरच बैठक मारल्यासारखं वाटतं. डॅशच्या मधोमध तीन गोल मीटर, तुझ्याकडे वळलेले. पार्किंगमधून काढताना स्टिअरिंगने घाम काढला, पॉवर स्टिअरिंग नाही ना. २८०वर चढलो आणि तेच स्टिअरिंग बोटांवर आलं. रस्त्यातला प्रत्येक सांधा हातात कळतो. चौथा, म्हणजे टॉप गिअर. ताशी ६५ मैल, आपले १०५ किलोमीटर, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मिनिटाला तीन हजारांच्या आसपास. इंजिन गुरगुरत नाही, गुणगुणतं. क्रिस्टल स्प्रिंग्जच्या तळ्याशेजारून तो रस्ता टेकड्यांच्या कडेने लांब लांब वळणं घेत जातो. बॉनेट आधी वळतं, मग आपण वळतो. काचा खाली, बोलणं अशक्य. बाजूने टेस्लावाले भुर्रकन पुढे जात होते, त्यातले निम्मे मान वळवून बघत होते.

वेग कमी होता रे, पण तो सगळा अंगाला लागत होता. माझ्या गाडीत ताशी नव्वद मैलांना पण झोप येते. २४०झेड फार जोरात नेली की हिचं नाक हलकं होतं म्हणतात, म्हणून हौशी लोक पुढे खाली हवेला अडवणारी पट्टी बसवतात. मला त्या वाटेला जायचंच नव्हतं.

आणि हिला नाजूक समजू नकोस. १९७१ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली, म्हणजे आफ्रिकेतल्या कच्च्या रस्त्यांवरची मोटार शर्यत, एडगर हेरमानने हिच्यावर जिंकली, १९७३ची शेखर मेहताने. मेहता म्हणजे युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा, तोच. पुढे तो ही रॅली आणखी चार वेळा जिंकला. त्या चिखलातून, त्या खड्ड्यांतून. आपल्या घाटात पावसाळ्यात काढली तरी कुरकुरणार नाही.

मार्चमध्ये येतोयस ना? मालकाला विचारून ठेवलंय, तो ‘हो’ म्हणालाय. फक्त सीटा दोनच आहेत, वहिनींना आधीच कल्पना देऊन ठेव. काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या