वायफायचा पासवर्ड म्हणजे बाबांचा नंबर नको

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फायबर लागलं, आता व्हिडिओ कॉल अडखळत नाही, बरं वाटलं. पण जोडणीवाल्याने जाताना बाबांचा मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून दिलाय, तो या आठवड्यात बदलायचाच. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. तासाभराचं काम आहे.

नंबर का नको, ते आधी. फोन राउटरला, म्हणजे वायफायच्या डब्याला, जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती आसपास बसलेला कुणीही हवेतून टिपून घेऊ शकतो. त्यात पासवर्ड उघडा नसतो, पण त्या नोंदीशी एकेक अंदाज ताडून बघता येतो, तोही आपल्या घरापासून दूर, निवांत बसून. आपल्याकडचे मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ पैकी एका आकड्याने सुरू होणारे. म्हणजे सगळे मिळून अंदाज ४०० कोटी. संगणकातल्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला (चित्रं काढणाऱ्या वेगवान भागाला) हे काही तासांचं काम. आणि बाबांचा नंबर तर सोसायटीच्या फलकावरच लावलेला आहे, तिथे अंदाजही बांधायला नको.

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" असं आई म्हणेल. आई, प्रश्न फक्त चोरीचा नाही. २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी जो ईमेल गेला, तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या उघड्या वायफायवरून. त्याचा कटाशी काही संबंध नव्हता, तरी पोलीस आधी त्याच्याच दारात आले. कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिली विचारणा त्याला.

आता राउटर उलटा करून तळाचं स्टिकर बघा. त्यावर दोन वेगळे पासवर्ड असतात: एक वायफायला जोडून घ्यायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगच्या पानात शिरायचा, म्हणजे ॲडमिनचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा तसाच ठेवतात. २०१६ साली मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले असेच पासवर्ड एकामागून एक टाकून. म्हणून आधी ॲडमिनचा बदला.

पानाचा पत्ता स्टिकरवरच असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीतरी. फोन वायफायला जोडलेला ठेवा, मोबाइल डेटा बंद करा (नाहीतर फोन तो पत्ता बाहेरच्या इंटरनेटवर शोधत बसतो आणि पान उघडत नाही), मग ब्राउझरच्या पट्टीत पत्ता इंग्रजी आकड्यांत टाका. "कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येईल. एरवी तो दिसला की मागे फिरायचं, पण इथे पुढे जा, कारण तुम्ही घरातल्याच डब्याशी बोलताय.

ॲडमिनचा झाला की वायफायचा. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, आपला २० च्या पुढे असू दे. सोपी युक्ती सांगते: कपाटातला मराठी शब्दकोश काढा, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा. असे पाच शब्द घ्या, मध्ये आडवी रेघ द्या. परात, निवडुंग, कंदील, सतरंजी या जातीचे, पण नेमके हेच नकोत. एक अडचण मात्र नक्की येणार. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत दोघं दोन तऱ्हांनी लिहितात, "निवडुंग"मध्ये डब्ल्यू की व्ही यावर तुमचा वाद होईल. तेव्हा सगळी लहान अक्षरं वापरा आणि एकेक अक्षर सुटं करून आईच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. वहीत लिहायला घाबरू नका. वायफायवरून येणाऱ्याला कपाट उघडता येत नाही.

पासवर्डबरोबर नेटवर्कचं नावही बदला. नाव जुनंच राहिलं तर घरातली उपकरणं जुना पासवर्ड घेऊन आपटत राहतात आणि "जोडता येत नाही" एवढंच दाखवतात. नवं नाव दिसलं की नवा पासवर्ड विचारतात. नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको. नाव लपवायचा पर्याय दिसेल, तो वापरू नका. त्याने संरक्षण मिळत नाही, उलट फोन जाईल तिथे त्या नावाने हाका मारत फिरतो.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकार, म्हणजे वायफायचं कुलूप कुठल्या जातीचं, ते विचारतात. त्यात "डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३" असं एकत्र निवडा. नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलं तर दाराचा कॅमेरा आणि जुना टीव्ही जोडले न जाण्याचीच शक्यता जास्त. एकत्र ठेवूनही कॅमेरा अडला तर डब्ल्यूपीए२-एईएस करा, पासवर्ड लांब असला की तेही भक्कम आहे. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी हे जुने, कच्चे प्रकार कधीच नाहीत. वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, आणि असे कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात, म्हणून कॅमेरा जोडेपर्यंत ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा, मग चालू करा.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण दाबून किंवा पिन टाकून जोडून घ्यायची सोय, बंद करा, हे विसरू नका. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर दोन्ही अर्धे वेगवेगळे तपासतो. म्हणजे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ मध्येच उघड झाला. हा पिन चालू असला तर पासवर्ड कितीही लांब असून उपयोग नाही. "रिमोट मॅनेजमेंट"ही (घराबाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) बंद, आणि फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट आपोआप होऊ द्या.

शेजारच्या काकूंचा नातू आला की पासवर्ड मागतो, त्याला नाही म्हणायला जीवावर येतं, मला ठाऊक आहे. म्हणून "गेस्ट नेटवर्क", म्हणजे त्याच राउटरवरचं पाहुण्यांचं वेगळं वायफाय, चालू करा, त्याला वेगळा पासवर्ड द्या. पाहुण्यांना तोच, आणि आपला टीव्ही नि कॅमेराही त्यावरच ठेवा. त्यांना अपडेट क्वचितच मिळतात. तुमच्या बँकेच्या फोनशेजारी ते नकोत.

राउटरमागे रीसेटचं बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालू नका. फायबरच्या डब्यात त्याने कंपनीच्या लाइनची सेटिंग पुसली जाऊ शकते आणि मग माणूस येईपर्यंत इंटरनेट बंद. आणि आई, त्यावरचा विणलेला रुमाल काढ. झरोके झाकले की डबा तापतो.

कुणी "तुमचं वायफाय हॅक झालंय" म्हणून फोन करून ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा.

सगळं झालं की त्याच पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तुमचे दोन फोन, टीव्ही, कॅमेरा, एवढेच चार दिसायला हवेत. पाचवं दिसलं तर फोटो पाठवा, रविवारी फोनवर बसून बघू.

तुमची,
लेक