पूर आला की पाणी तुंबले?

माननीय संपादक महोदय,

गेल्या आठवड्यातील मुसळधार पावसानंतर आपल्या पहिल्या पानावर ‘पणजीत पूर’ असा ठळक मथळा होता. खालच्या छायाचित्रात १८ जून मार्गावर एक बाई एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात पावाची पिशवी धरून पोटरीभर पाण्यातून चालल्या होत्या. छायाचित्र बोलके होते, मथळा मात्र खटकला.

पूर नदीला येतो. जुलै २०२१ मध्ये तो म्हादईला आला आणि सत्तरी तालुक्यात घरे पडली. वाळवंटी नदी पात्राबाहेर येऊन साखळीच्या बाजारात शिरते, तोही पूरच. ते पाणी दुसरीकडून चालून येते, त्याला ओढ असते आणि त्याच्यापुढे माणसाचे फारसे चालत नाही. १८ जून मार्गावरचे पाणी मात्र आभाळातून तेथेच पडलेले आणि जायला वाट न मिळाल्यामुळे तेथेच राहिलेले असते. त्याला ‘तुंबणे’ म्हणतात. या क्रियापदात अडथळा गृहीतच असतो, त्यामुळे पाणी तुंबले म्हटले की कोठे काय अडकले आणि गटारातला गाळ पावसाआधी का उपसला नाही, हे कोणीतरी विचारतेच. ‘पूर’ म्हटले की सारे खापर वरुणराजाच्या माथी.

‘साचणे’ याहून सौम्य. सखल जागी पाणी साचते, त्यात कोणाचा दोष असेलच असे नाही. भाताच्या लावणीला तर ते साचलेले हवेच असते. ‘जलमय’ कशालाही चालतो, म्हणून तो सोडून देतो.

पणजीचा मामला थोडा गुंतागुंतीचा आहे, हे मान्य. भरतीच्या वेळी मांडवी चढलेली असली की नाल्यांची तोंडे पाण्याखाली जातात आणि गटारे साफ असूनही पाणी ओहोटीची वाट पाहत थांबते. पणजीच्या मळा भागात राहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा दिवशी ‘साचले’ लिहावे की ‘तुंबले’, याबद्दल मीही क्षणभर घुटमळतो; तरी कौल ‘तुंबले’लाच देईन, कारण वाट होती आणि ती बंद झाली.

दोन अक्षरांचा ‘पूर’ मथळ्यात चटकन बसतो, ही उपसंपादकांची सोय मी समजू शकतो. परंतु ‘पणजी तुंबली’ यालाही तेवढीच जागा लागली असती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, मळा-पणजी