हृदयपेशींची घडण जन्मानंतरही चालू राहते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील हृदयावरच्या लेखात ‘हृदय गर्भातच पूर्ण तयार होते, जन्मानंतर ते फक्त आकाराने वाढते’ असे विधान आहे. एरवी लेख चांगला उतरला असला तरी हे विधान अर्धेच खरे आहे, आणि उरलेला अर्धा भाग वाचकांपुढे यावा म्हणून हे पत्र लिहीत आहे. कप्पे, झडपा व मोठ्या रक्तवाहिन्या यांची मांडणी गर्भात होते हे बरोबर. पण ज्या स्नायुपेशींच्या आकुंचनावर हृदयाचे सारे काम चालते, त्यांची आतली रचना जन्मवेळी अपुरीच असते.

मी काही वर्षे प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. पेशीच्या आवरणाला चिकटणारा चमकता रंग घातला, की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पेशीची फक्त कड उजळते आणि आत अंधार राहतो. प्रौढ पेशीत मात्र कडेबरोबरच आतही, आखीव वहीच्या पानासारख्या, सुमारे 2 मायक्रोमीटर अंतराने बारीक आडव्या रेषा उमटतात. आवरणच जागोजागी आत वळून झालेल्या या नलिकांना टी-नलिका म्हणतात. पिल्लू दोन-तीन आठवड्यांचे होता होता त्या दिसू लागतात. आधी तुटक, वेड्यावाकड्या, काही तर पेशीच्या लांबीच्या दिशेने गेलेल्या, आणि मग हळूहळू रांगेत आलेल्या. ही रांग लागताना पाहणे हा माझ्या आयुष्यातील मोठा आनंद होता. प्रत्येक प्राण्याचे वेळापत्रक अर्थातच वेगळे असते. मेंढीत या नलिकांची सुरुवात गर्भातच होते.

या नलिकांचे महत्त्व असे की, विजेचा संदेश त्यांच्यातून पेशीच्या गाभ्यापर्यंत क्षणात पोहोचतो, तेथे थोडे कॅल्शियम आत येते आणि त्याच्या चाहुलीने पेशीतील कॅल्शियमचे कोठार उघडून सगळे तंतू एकाच वेळी आखडतात. नलिका नसतील तर कडेचा भाग आधी आखडतो आणि मधला मागे राहतो. नवजात हृदय त्यामुळे बाहेरून येणाऱ्या कॅल्शियमवर अधिक विसंबून असते. कॅल्शियमची वाट रोखणारे व्हेरापामिल हे औषध एक वर्षाखालील बाळाला शिरेतून देण्याचे डॉक्टर टाळतात, त्यामागे हेही कारण आहे. बाळाचे हृदय म्हणजे मोठ्यांच्या हृदयाची लहान प्रत नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

याच काळात पेशी लांबट होते, विस्कळीत तंतू समांतर होतात, तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म भाग, मायटोकाँड्रिया) त्यांच्यामध्ये ओळीने बसतात आणि इंधन म्हणून शर्करेऐवजी मुख्यतः मेदाम्ले वापरली जाऊ लागतात. शेजारच्या पेशींना जोडणारी कनेक्झिन-43 ही प्रथिने आधी पेशीभोवती सर्वत्र विखुरलेली असतात; ती दोन्ही टोकांकडे सरकतात, आणि माणसात या स्थलांतराला काही वर्षे लागतात.

या घडणीच्या काळातच पेशीची विभाजनक्षमता जवळजवळ संपते. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एक दिवसाच्या उंदराच्या हृदयाचे टोक कापले असता ते पुन्हा वाढले, पण सात दिवसांच्या पिल्लात तेथे व्रणच उरला. माणसात पंचविशीच्या सुमारास वर्षाला जेमतेम 1 टक्का हृदयपेशी नव्याने तयार होतात, आणि पुढे हे प्रमाण आणखी घटते.

आपल्या लेखात शेवटी ‘प्रयोगशाळेत धडधडणाऱ्या’ पेशींचा जो उल्लेख आहे, त्याचाही याच गोष्टीशी संबंध आहे. प्रौढ त्वचेपासून मूलपेशी आणि त्यांपासून हृदयपेशी बनवता येतात, त्या बशीत स्पंदनही पावतात. परंतु त्यांच्यात टी-नलिका विरळ असतात आणि एकूण बांधणी गर्भावस्थेतील पेशीसारखी असते. थायरॉइड संप्रेरक, मेदाम्ले, विजेचे ठोके व यांत्रिक ताण देऊन त्यांना प्रौढ करण्याचे प्रयत्न चालू आहेत. हृदय निकामी होऊ लागते तेव्हा प्रौढ पेशीतील हीच नलिकांची रांग विस्कटते, म्हणून ती कशी लागते हे कळणे रुग्णांसाठीही मोलाचे आहे.

वरील विधानाची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, आणि यापुढे अशा पेशींची बातमी देताना त्या किती परिपक्व आहेत हेही नमूद करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका