‘फेकू नये’ लिहिणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण हातात दिलं असतं तर तुम्ही ते न वाचताच खिशात घातलं असतंत आणि ‘चहा घेणार का?’ विचारलं असतंत.

दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याच्या झऱ्याकाठची ती गरम माती आठवते ना? तिच्यातला फिकट गुलाबी जिवाणू नवी जात आहे, हे आता पक्कं झालं. जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६एस जनुकाचं ओळखीच्या जातींशी साम्य ९८.७ टक्क्यांच्या रेषेच्या (तिच्याखाली सहसा नवी जात मानतात) बरंच खाली आलं, जीनोमने, म्हणजे संपूर्ण डीएनएनेही तेच सांगितलं. आता सगळे अभिनंदन करतायत. त्यात तेही आहेत, ज्यांनी जिवाणू वाढवायच्या प्लेटकडे न बघताच निकाल दिला होता, ‘जिओबॅसिलस असणार गं, गरम मातीत दुसरं काय मिळतं?’ जिओबॅसिलस हा उष्णतेत झपाट्याने वाढणारा नेहमीचा जिवाणू एका रात्रीत प्लेट व्यापतो, हे कबूल. पण म्हणून सावकाश वाढणाऱ्यांकडे बघायचंच नाही? असं म्हणणाऱ्यांच्या विभागात तर शनिवारी माझा इनक्युबेटर, म्हणजे जिवाणूंची उबदार पेटी, बंद करून त्या प्लगवर भलतंच यंत्र लावलं जायचं.

तुमच्या विभागाशी माझा काहीच संबंध नव्हता. तरी ६५ अंशांना अगार, म्हणजे प्लेटमधली जिवाणूंची जेली, सुकतोय हे बघून तुम्ही टिश्यू कल्चरवाल्यांकडून त्याऐवजी वापरायच्या जेलनची बाटली मागून आणलीत, आत पाण्याचा ट्रे ठेवलात. त्याचे आभार आहेतच. पण डोक्यातून जात नाही ते वेगळंच. साफसफाईच्या दिवशी जुन्या प्लेट्स ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने सगळे जंतू मारणाऱ्या यंत्रात, जातात. माझ्या तर रिकाम्याच दिसत होत्या. तुम्ही त्या एकेक करून खिडकीशी उजेडात धरल्यात आणि डब्यावर पट्टी चिकटवलीत: ‘फेकू नये. मुलीला विचारणे.’

टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते, काका. आणि माझ्या कामाचं काय करायचं हे मला विचारावं, असं तोवर कुणाला सुचलंच नव्हतं! संस्थांमध्ये यंत्रं येतात, अनुदानं येतात; दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारणारी माणसं मात्र कुठल्याच योजनेत मंजूर होत नाहीत.

न्यूझीलंडमधल्या टिकिटेरेच्या गरम मातीतून मिळालेल्या क्थोनोमोनास कॅलिडिरोझिया या जिवाणूचं वर्णन २०११ साली छापून आलं. तोही गुलाबीच. त्याचा अख्खा गट आधी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या ऑब्सिडियन पूल या गरम झऱ्यातल्या डीएनएवरून ‘ओपी१०’ एवढ्याच नावाने कागदावर होता. तिथेही कुणीतरी तुमच्यासारखं प्लेट उजेडात धरणारं असणार, अशी माझी खात्री आहे.

जातीला मान्यता हवी तर जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत ठेवावा लागतो. त्याची कागदपत्रं चालू आहेत, जैवविविधता कायद्याच्या परवानगीसकट. ते मी बघते. तुमच्याकडून एकच हवंय: पेपरच्या आभारात तुमचं नाव जाणार आहे, तेव्हा आडनाव इंग्रजीत ‘व्ही’ने लिहिता की ‘डब्ल्यू’ने, तेवढं कळवा. ‘माझं नाव कशाला?’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

आपली नम्र,
उन्हवऱ्याची मातीवाली